नाव एक, कागद अनेक

कॅसलरॉक हे नाव बेळगाव आणि गोवा या दोन्ही बाजूंच्या वडीलधाऱ्या मंडळींना नव्याने सांगावयास नको. सह्याद्रीच्या माथ्यावरील या लहानशा स्टेशनावर एके काळी आगगाडी थांबत असे ती केवळ पाण्याकोळशासाठी नव्हे. अलीकडे ब्रिटिशांचे आणि पुढे स्वतंत्र भारताचे राज्य, तर घाट उतरून कुळ्यास पोहोचले की पोर्तुगिजांचा अंमल. उतारूंनी पेट्या उघडून दाखवाव्यात, जकातीच्या शिपायांनी त्यांतील लुगडी वरखाली करावीत, हा तेथील नित्याचा क्रम होता. १९५५ मध्ये हा लोहमार्ग बंद पडला. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर मधली सरहद्दच पुसली गेली. परंतु त्याआधी पेडण्याची लेक सावंतवाडीस दिली, तर तिचे माहेर आणि सासर यांच्यामध्ये दोन राज्ये उभी असत. परदेश हा समुद्रापलीकडेच असतो असे नाही, जेथे कागद दाखवावा लागतो तेथे तो सुरू होतो, हे त्या काळच्या माणसाला अनुभवाने ठाऊक होते.

आज परदेशी जाणे पुष्कळच सुलभ झाले आहे. ग्वाल्हेरची वृद्ध दांपत्ये सिंगापूर पाहून येतात, बडोद्याच्या महिला मंडळांच्या सहली दुबईस जातात आणि इंदूरच्या सराफ्यातील चार मित्र स्वित्झर्लंडचा बर्फ पाहण्यासाठी पैसे साठवितात. मात्र सहलीची जाहिरात वाचून मंडळी उत्साहाने बॅगा विकत आणतात आणि कागदांचा विचार शेवटच्या महिन्यावर ढकलतात. वास्तविक बॅग भरणे हे दोन दिवसांचे काम, कागद जुळविणे हे सहा महिन्यांचे. कागद मिळविणे म्हटलेले नाही, जुळविणे म्हटले आहे. कारण बहुतेकांच्या घरी कागद असतातच, ते एकमेकांशी जुळत मात्र नाहीत.

प्रथम पासपोर्टाविषयी थोडेसे. आज आपण पाहतो तशी ही पुस्तिका फार प्राचीन नाही. पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये राष्ट्रसंघाने पॅरिस येथे परिषद भरविली, तीत ३२ पानी पुस्तिकेचा नमुना सुचविण्यात आला. आपल्याकडे पासपोर्ट देणे न देणे ही दीर्घकाळ सरकारची मर्जी समजली जाई. एप्रिल १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असल्याचा निर्णय दिला, आणि त्याच वर्षी २४ जून रोजी पासपोर्टाचा कायदा अस्तित्वात आला. पुढे मनेका गांधी यांचा पासपोर्ट कारण न सांगता जमा करण्यात आला. त्या प्रकरणी २५ जानेवारी १९७८ रोजी झालेला निकाल तर कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असतो. सारांश, पासपोर्ट ही आता कृपा राहिलेली नाही. तथापि हक्क असला तरी तो नावावर मिळतो, आणि आपले नाव नक्की काय, हा प्रश्न मराठी माणसाला वाटतो तितका सोपा नाही.

मराठी माणसाचे नाव तीन पदरी. स्वतःचे, वडिलांचे, आडनाव. पासपोर्टाच्या अर्जात रकाने दोनच: एक आडनावाचा, दुसरा दिलेल्या नावाचा. तेथे वडिलांचे नाव स्वतःच्या नावाला जोडूनच लिहावे लागते. महाराष्ट्रात आणि गुजरातेत शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी येते. मध्य प्रदेशातील शाळांत वडिलांचे नाव मधून गळून जाते. हैदराबादकडे घराण्याचे नाव एका आद्याक्षरात बसवून पुढे टाकण्याचा तेलुगू प्रघात तेथील मराठी घरांतही शिरलेला आढळतो, आणि पासपोर्टाला तर आद्याक्षरे चालत नाहीत. बेळगाव, निपाणी, खानापूर या भागांत नाव आधी कानडी लिपीत आणि तेथून इंग्रजीत उतरते. या दोन उड्यांमध्ये एखाद्या ऱ्हस्वाचे दीर्घ होते, एखादा जोडाक्षराचा पाय निखळतो. गोव्याची तऱ्हा आणखीच निराळी. पोर्तुगीज अमदानीतील जन्मनोंदीत 'श' हा उच्चार इंग्रजी 'एक्स' या अक्षराने लिहिला जाई, कामतांचे 'कामोतिम' आणि प्रभूंचे 'पोरोबो' होत असे. ख्रिस्ती घरांत बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर जुआंव असलेला मुलगा इंग्रजी शाळेत जॉन झाला, आणि दोन्ही नावे आयुष्यभर सुखाने नांदली. नांदली ती पासपोर्टाचा अर्ज हाती येईपर्यंत.

ही अक्षरांची चिकित्सा कोणा कारकुनाची लहर म्हणून केली जात नाही. तिचे कारण पासपोर्टाच्या छायाचित्राच्या पानावर तळाशी छापलेल्या दोन विचित्र ओळींत आहे. प्रत्येक ओळीत बरोबर ४४ चिन्हे असतात. पहिल्या ओळीत देशाची खूण, मग आडनाव, मग नाव, आणि रिकाम्या जागी बाणाच्या टोकासारख्या खुणा. पहिल्या पाच चिन्हांनंतर नावासाठी ३९ घरे उरतात. गोव्यातील काही नावे इतकी भरघोस असतात, की ती या घरांत मावत नाहीत आणि त्यांची शेपटी कापली जाते. दुसऱ्या ओळीत पासपोर्टाचा क्रमांक, जन्मतारीख, मुदत, आणि प्रत्येकाच्या मागे एकेक पडताळ्याचा अंक. हा अंक कसा निघतो ते पाहण्यासारखे आहे. १ जून १९५७ ही जन्मतारीख घ्या. ती ५७०६०१ अशी, म्हणजे वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिली जाते. या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ३, १, पुन्हा ७, ३, १ यांनी गुणावयाचे. ३५, २१, ०, ४२, ०, १, बेरीज ९९. दहाने भागून बाकी राहिली ९. हाच पडताळ्याचा अंक. यंत्राने वाचताना एक आकडा चुकला, तर बाकी जुळत नाही आणि चूक तत्काळ उमगते. चौथीच्या मुलास करता येईल असे हे गणित जगातील प्रत्येक विमानतळावर अहोरात्र चालू असते. हाताने लिहिलेल्या पासपोर्टांची मुदत आंतरराष्ट्रीय ठरावानुसार २४ नोव्हेंबर २०१५ रोजी संपली, त्यानंतर यंत्राला वाचता येणारे नाव हेच प्रवाशाचे नाव झाले.

जाता जाता, १ जून ही तारीख येथे सहज घेतलेली नाही. त्या पिढीतील किती मंडळींचा जन्म शाळेच्या दाखल्यावर १ जूनला झालेला असतो, हे घरोघरी पाहावे! जून उजाडला, शाळा उघडली, मास्तरांनी मुलाचा हात डोक्यावरून फिरवून कानाला लावून पाहिला आणि जन्मतारीख घातली. ती खरी असो वा खोटी, आता तीच चालवावयाची. आजोबांना आईने सांगितलेली तिथी कितीही पवित्र वाटली, तरी दाखल्यावर एक आणि आधारपत्रावर दुसरी, असे होऊ देऊ नये.

ही सारी गुंतागुंत एका घरात कशी एकवटते ते पाहण्यासाठी बेळगावच्या शहापूर पेठेतील एक निवृत्त गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी यांची कल्पना करू. मुलाने आईवडिलांसाठी युरोपच्या बारा दिवसांच्या सहलीची रक्कम भरली आहे. निघावयाचे मे महिन्यात. दिवाळीचा फराळ संपता संपता तयारीस आरंभ झाला, हे या दांपत्याचे शहाणपण. गृहस्थांचे कागद सरकारी नोकरीमुळे एका दोऱ्यात ओवलेले. प्रश्न निघाला तो बाईंच्या बाबतीत.

"अगं, तुझा शाळेचा दाखला कुठं आहे?"

"निपाणीला असेल, वहिनींच्या ट्रंकेत. पण अहो, त्याच्यावर माझं हे नाव नाही."

हे नाव नाही. तीन शब्दांत पंचेचाळीस वर्षांचा संसार आला. माहेरी त्या कुसुम. लग्नाच्या दिवशी तांदळाच्या ताटात अंगठीने नाव कोरले गेले ते सुनंदा. पहिले नाव बदलले, वडिलांच्या जागी पतीचे आले, आडनाव बदलले. नावाच्या तीन पदरांपैकी एकही जुना राहिला नाही. शाळेच्या दाखल्यावर कुसुम, शिधापत्रिकेवर आणि मतदार यादीत सुनंदा, आणि बँकेच्या पुस्तकात सुनंदाबाई. लग्न १९७९ चे; त्याची सरकारी नोंद झालेली नाही, कारण त्या काळी कोणीच करीत नसे. आता कुसुम आणि सुनंदा या एकच, असे म्हणणारा एकही कागद घरात नाही. तसे म्हणणारी माणसे मात्र दोन गावे भरून आहेत.

ही अडचण हजारो मराठी स्त्रियांची आहे, आणि तिच्यातून मार्ग आहे. लग्नाची नोंद उशिरा करता येते. लग्नपत्रिका, लग्नातील छायाचित्र आणि साक्षीदार घेऊन विवाहनोंदणीच्या कार्यालयात जावे. जुन्या पत्रिका गणपतीच्या फडताळात किंवा गाथेच्या पानांत सापडतात असा पुष्कळांचा अनुभव आहे, तेव्हा तेथेही पाहावे. केवळ आडनाव बदलले असेल तर काम त्यावर भागू शकते. पहिले नावही बदलले असेल तर शपथपत्र, वर्तमानपत्रांत जाहिरात किंवा राजपत्रात प्रसिद्धी, असे सोपस्कार करावे लागतात. दैनिकाच्या आतल्या पानावर 'नावात बदल' या मथळ्याखाली बारीक टाइपात ज्या चार ओळी येतात, त्या वाचक ओलांडून पुढे जातो. त्यांपैकी कित्येक ओळींमागे अशी एखादी कुसुम असते. गोव्यात या कामासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे, आणि तेथे नुसते शपथपत्र करून मोकळे होता येत नाही, हेही तिकडील मंडळींनी ध्यानात ठेवावे.

ज्या मुलींची लग्ने आज होत आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. लग्न झाले म्हणून पासपोर्टावरील नाव बदलण्याची कायद्याने सक्ती नाही. डिसेंबर २०१६ मध्ये नियम सोपे करताना विवाहाचा दाखला जोडण्याची सक्तीही काढण्यात आली, आणि आई किंवा वडील यांपैकी एकाचेच नाव दिले तरी चालू लागले. एकट्या आईने वाढविलेल्या मुलांना याचा किती दिलासा मिळाला असेल! १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा नंतर जन्मलेल्या बालकांसाठी मात्र जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा एकमेव पुरावा धरला जातो. तेव्हा नातवंडाचे नाव जन्मनोंदीत घालावयाचे राहिले असेल, तर ते आजच घालून घ्यावे.

पासपोर्टाच्या अर्जात एक प्रश्न असतो: आपण अन्य कोणत्या नावाने ओळखले जाता काय? पुष्कळ लोक घाबरून तेथे 'नाही' लिहितात. घाबरण्याचे कारण नाही, खोटे लिहिण्याचे मात्र आहे. पोलीस चौकशीत शेजारी सहज दुसरे नाव सांगून जातो. शहापूरच्या बाईंनी त्या ठिकाणी कुसुम हे नाव लिहिले. अर्जाखालची सही कोणत्याही लिपीत चालते, म्हणून ती मराठीतच केली. सही करावयाची ती एकदा ठरवून टाकावी. पासपोर्टावर एक वळण, व्हिसाच्या अर्जावर दुसरे आणि बँकेत तिसरे, असा प्रकार नसावा.

२०१७ पासून मोठ्या पोस्टाच्या इमारतींतही पासपोर्टाची केंद्रे उघडू लागल्याने लांबचे हेलपाटे पुष्कळ वाचले आहेत. ज्यांचा पासपोर्ट आधीच कपाटात आहे, त्यांनी निश्चिंत राहण्यापूर्वी त्याची मुदत वाचावी. मुदत संपण्यास एक वर्ष उरले की नवा मागता येतो. सिंगापूर, थायलंड, इंडोनेशिया, संयुक्त अरब अमिराती येथे प्रवेशाच्या दिवशी सहा महिन्यांची मुदत शिल्लक हवी. युरोपातील शेंगेन गटाच्या देशांना परतीच्या दिवसानंतर तीन महिने पुरतात, परंतु पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतच दिलेला असला पाहिजे आणि त्यात दोन पाने कोरी हवीत. आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तोही आधी भरून घ्यावा. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिरातीने एकाच नावाच्या पासपोर्टावर पर्यटकास प्रवेश न देण्याचे जाहीर केले, तेव्हा अनेकांची तारांबळ उडाली. वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव पासपोर्टाच्या दुसऱ्या पानावर असेल तर चालेल, अशी सवलत नंतर मिळाली. विमानाचे तिकीट काढताना नाव तोंडी सांगू नये. पासपोर्ट समोर ठेवून त्यातील अक्षर न् अक्षर उतरवून द्यावे. बेळगावचे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी दप्तरी बेळगावी झाले. पण पासपोर्टावर जन्मस्थान जुन्या नावाने असेल, तर व्हिसाच्या अर्जातही तेच लिहावे. भूगोल सुधारण्याची ती जागा नव्हे.

व्हिसाचा अर्ज सहलीच्या कंपनीचा माणूस भरून देतो, ही समजूत अर्धीच खरी. टंकलेखन तो करतो, जबाबदारी सही करणाऱ्याची असते. शेंगेन व्हिसासाठी निघण्याच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि पंधरा दिवस आधीपर्यंतच. निर्णयास सामान्यतः पंधरा दिवस लागतात, पण ते पंचेचाळीसपर्यंत वाढू शकतात. मेच्या सहलीसाठी एप्रिलमध्ये जागे होणाऱ्यास मुलाखतीची वेळच मिळत नाही. ज्या देशात अधिक दिवस मुक्काम, त्याच्याकडे अर्ज; दिवस सारखे असतील तर जेथे प्रथम उतरावयाचे त्याच्याकडे. बोटांचे ठसे देण्यास स्वतः जावे लागते. सोबत बँकेचा उतारा, आयकराची विवरणपत्रे, निवृत्तिवेतनाचा कागद, हॉटेलांची नोंदणी, परतीचे तिकीट. येथे एक भाबडी चूक वारंवार होते. खात्यात पैसे थोडे दिसतात म्हणून मुलगा अर्जाच्या आदल्या आठवड्यात आईच्या खात्यात तीन लाख टाकतो. त्या एका नोंदीनेच परीक्षकाची भुवई वर जाते. पैसा मुलाचा असेल तर मुलानेच तसे पत्र द्यावे आणि आपला उतारा जोडावा. बाप लेकाच्या पैशाने जातो यात लपविण्यासारखे काही नाही. आणि नकार आला तर शुल्क परत मिळत नाही.

या अर्जातील पहिला रकाना आडनावाचा. दुसरा रकाना जन्माच्या वेळच्या आडनावाचा. पुरुष तो न वाचताच पुढे सरकतात. शहापूरच्या बाईंचा हात तेथे क्षणभर थांबला. वडिलांचे आडनाव सरकारी कागदावर लिहावयाची वेळ शाळा सुटल्यापासून आली नव्हती. आडनाव ठाऊकच होते, पण त्याची इंग्रजी अक्षरे मात्र दाखल्यात पाहून घ्यावी लागली.

व्हिसा येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नये. शेंगेन देशांसाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचाच आहे. इतर देशांसाठी नसला तरी घ्यावा, कारण परदेशातील रुग्णालयाच्या एका रात्रीचे बिल सबंध सहलीच्या खर्चाला भारी पडू शकते. विम्याच्या अर्जात मधुमेह, रक्तदाब, पूर्वीची शस्त्रक्रिया हे स्पष्ट सांगावे. हप्ता थोडा वाढेल म्हणून आजार झाकणारा मनुष्य प्रत्यक्षात हप्ताही गमावतो आणि भरपाईही. औषधांविषयी आपल्याकडील वडीलधाऱ्यांची एक घातक सवय आहे. गोळ्या पट्टीतून सोडवून त्या सुपारीच्या डबीत भरतात. अनोळखी पांढऱ्या गोळ्यांनी भरलेली डबी कस्टमच्या माणसाला कशी दिसेल, याचा विचार करावा. गोळ्या मूळ पट्टीतच असाव्यात, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, तीवर औषधाचे शास्त्रीय नाव. आपल्याकडे खोकल्यावर किंवा दुखण्यावर दिली जाणारी कोडीन, ट्रॅमाडॉल यांसारखी औषधे अमिरातीत पूर्वपरवानगीवाचून नेणे हा गुन्हा ठरू शकतो. सर्दीवरील ज्या औषधांत स्यूडोएफेड्रिनचे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक असते, ती जपानमध्ये नेताच येत नाहीत. केनिया, युगांडा अशा देशांत जाणाऱ्यांनी पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी, सरकारने नेमलेल्या केंद्रातच टोचून घ्यावी. दाखला बरोबर नसेल तर परत येताना भारतातच सहा दिवस विलगीकरणात ठेवतात.

आता खाद्यपदार्थ. मराठी माणूस प्रवासास निघाला की घरात आधी कढई चढते, आणि नेमका येथेच कायदा आड येतो. खसखस ही आपल्याला अनारशावरची शोभा. अमिरातीत आणि सिंगापुरात ती अफूच्या झाडाची बी म्हणून निषिद्ध आहे. अनारसे, खसखस लावलेले लाडू, गरम मसाल्याची पुडी यांतून ती नकळत जाते, आणि 'ठाऊक नव्हते' हे उत्तर तेथे पुरत नाही. सुके खोबरे तेलकट असल्याने पेट घेऊ शकते, म्हणून विमानाच्या सामानात त्यास २०२२ पासून आपल्याच देशात मनाई आहे. देवाचा नारळ सुकवून नेण्याचा बेत करू नये. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे बेळगावचा कुंदा, साताऱ्याचे पेढे, घरचे तूप हे सारे गेलेच. लिस्बनमध्ये स्थायिक झालेल्या भावासाठी म्हापशाच्या बाजारातून चोरिसांची माळ नेणाऱ्या गोंयकार आत्याबाईंनाही तोच नियम. भावाच्या डोळ्यांत पाणी येईल हे खरे, पण माळ विमानतळावरच्या कचऱ्याच्या पेटीत जाईल हेही तितकेच खरे. लोणच्याची बरणी हातातील पिशवीत ठेवू नये. तेलात मुरलेली फोड ही सुरक्षा तपासनिसाच्या दृष्टीने द्रवच होय, आणि तेथे शंभर मिलीलिटरची मर्यादा आहे. मग न्यावे काय? चिवडा, चकल्या, भाजलेले शेंगदाणे, मेतकूट. ऑस्ट्रेलियास जाणाऱ्यांनी मात्र जे काही नेतील ते उतरण्यापूर्वीच्या कागदावर प्रामाणिकपणे नोंदवावे. तेथे पदार्थापेक्षा लपवाछपवीला दंड अधिक.

पैशांची चिंता पूर्वीइतकी राहिलेली नाही. खिशात आठ डॉलर घेऊन विलायतेस गेलेल्या पिढीच्या कथा आजच्या तरुणांना दंतकथा वाटतात. आता निवासी भारतीयास वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठविता वा नेता येते. नोटांच्या रूपात बहुतेक देशांसाठी एका फेरीस तीन हजार डॉलर. भारतीय रुपये २५,००० पर्यंत बरोबर ठेवता येतात. रात्री परतल्यावर टॅक्सीला ते लागतातच. बँकेचे कार्ड परदेशात चालण्यासाठी ते तसे सुरू करून घ्यावे लागते, आणि बँकेचा संकेतांक ज्या दूरध्वनी क्रमांकावर येतो, तो क्रमांक परदेशात चालू राहील असे पाहावे. पाटल्या, गोठ, मोहनमाळ शक्यतो घरीच. न्यावयाचे असतील तर जाताना कस्टमकडून दाखला घेऊन ठेवता येतो. त्यायोगे परतताना 'हे तिकडे घेतले' अशी शंका उरत नाही. निवृत्त मंडळींनी आणखी एक पाहावे. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावयाचा असतो, ऐंशी वर्षे पूर्ण झालेल्यांना तो ऑक्टोबरपासून देता येतो. सहल त्या दिवसांत पडत असेल तर आधी त्याची सोय लावावी. सहलीला जिवंत आणि दप्तरी संशयित, अशी गंमत नको.

शेवटी प्रतींची व्यवस्था. मूळ पासपोर्ट हरवला तर तेथील भारतीय दूतावास परत येण्यापुरते तात्पुरते प्रमाणपत्र देतो. त्यासाठी पासपोर्टाची प्रत हाताशी असेल तर काम पुष्कळ लवकर होते. म्हणून पासपोर्ट, व्हिसा, विमा आणि तिकीट यांच्या प्रतींचे तीन संच करावेत. एक मोठ्या बॅगेत, एक सोबत्याजवळ, आणि एक गावी विश्वासाच्या माणसाकडे. शहापूरच्या दांपत्याने पहिले दोन संच ठरल्याप्रमाणे ठेवले. तिसरा निपाणीस बाईंच्या भावाकडे दिला. त्यांनी तो पाकिटात घातला, पाकीट डिंकाने बंद केले आणि कपाटात ठेवण्यापूर्वी त्याच्यावर लिहिले: 'कुसुमचे कागद'.